वर्गणीची वही

भाद्रपद जवळ आला की बदलापूरच्या कात्रप भागात, इतर गावांप्रमाणेच, मुलांची लहान लहान टोळकी पावतीपुस्तके घेऊन दारोदार हिंडू लागतात. कोणी हसतमुखाने वर्गणी देतो, कोणी "उद्या या" म्हणून दार लावून घेतो, आणि एखादे आजोबा दार उघडे ठेवून विचारतात, "गेल्या वर्षीचा हिशेब कोठे आहे?" मुलांना हा प्रश्न मुळीच रुचत नाही. परंतु वर्गणीच्या कामातील सर्वांत मोलाचा प्रश्न तोच होय. हिशेब विचारणाऱ्याने ते कार्य थोडेफार आपले मानलेले असते.

कात्रपजवळून जो लोहमार्ग जातो, तो पुढे बोरघाट चढून पुण्यास पोहोचतो. घाटातील हा मार्ग १८६३ मध्ये खुला झाला. त्यानंतर सुमारे तीस वर्षांनी, पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात गणित शिकविणारे एक प्राध्यापक सुट्टी लागली की गावोगाव वर्गणीसाठी हिंडू लागले. त्यांचे नाव धोंडो केशव कर्वे. बोलणे बेताचे, आवाज हळू, चालणे मात्र दांडगे. वर्गणी मागणाऱ्याच्या अंगी जे चातुर्य असावे असे आपण समजतो, त्यातले त्यांच्यापाशी फारसे नव्हते.

त्यांचे कार्यही लोकांना सहज पटेल असे नव्हते. त्या काळी आठ-दहा वर्षांच्या मुलींची लग्ने होत, आणि दुर्दैवाने पती वारला तर त्या कोवळ्या मुलीचे केशवपन करून तिला घराच्या कोपऱ्यात बसविले जाई. १८९३ मध्ये कर्व्यांनी गोदूबाई या विधवेशी पुनर्विवाह केला. याच कर्व्यांनी मुरूड या आपल्या गावाच्या हितासाठी पूर्वी 'मुरूड फंड' उभारला होता. त्याच गावाने आता त्यांच्यावर बहिष्कार घातला. ज्यांच्यासाठी आपण झोळी घेऊन हिंडलो, त्यांनीच आपल्याला पंक्तीतून उठवावे, हे दुःख थोडेथोडके नव्हे. कर्वे गावावर चिडले नाहीत, आणि झोळीही त्यांनी खाली ठेवली नाही.

१८९६ मध्ये त्यांनी पुण्यात अनाथ बालिकाश्रम काढला. विधवांना शिकवून आपल्या पायांवर उभे करावे, हा त्याचा हेतू होता. पुढे रावबहादूर गणेश गोविंद गोखले यांनी शहराबाहेर हिंगणे येथे सहा एकर जमीन व ७५० रुपये दिले, आणि १९०० मध्ये आश्रम तेथे गेला. महाविद्यालयातील तास संपले की कर्वे पायी हिंगण्याची वाट धरीत. पावसाळ्यात ती वाट म्हणजे निव्वळ चिखल. आज त्या परिसरास कर्वेनगर म्हणतात, आणि तेथे चिखल शोधूनही सापडत नाही!

आश्रमासाठी पैसे मागताना कर्व्यांना एक कठीण निर्णय घ्यावा लागला. ते स्वतः पुनर्विवाहाचे पुरस्कर्ते होते. परंतु विधवेने शिकावे हे ज्यांना पटत होते, अशा पुष्कळांना तिने पुन्हा लग्न करावे हे पटत नव्हते. आश्रमाचे काम पुनर्विवाहाच्या चळवळीला जोडले, तर अनेक दारे बंद होणार. म्हणून त्यांनी आश्रम त्या चळवळीपासून कटाक्षाने अलग ठेवला. काही सुधारकांना ही माघार वाटेल. तथापि जे कार्य शेकडो लोकांच्या आण्या-दोन आण्यांवर चालावयाचे, ते त्या शेकडो लोकांच्या मनापेक्षा फार पुढे धावू शकत नाही. त्यांना बरोबर घेऊनच पाऊल टाकावे लागते.

या कामात कर्व्यांना सर्वांत मोठे साहाय्य झाले ते पार्वतीबाई आठवले यांचे. पार्वतीबाई या गोदूबाईंच्या, म्हणजे लग्नानंतरच्या आनंदीबाईंच्या, सख्ख्या भगिनी. देवरुखात वाढलेल्या, लहानपणी लग्न झाले, आणि विशीच्या सुमारास त्या विधवा झाल्या. पुण्यास येऊन शिकू लागल्या, तेव्हा त्यांचे वय पोरवयातल्या विद्यार्थिनींपेक्षा कितीतरी अधिक होते. आश्रमात आल्यावर त्यांनी प्रथम स्वयंपाकघर सांभाळले. मग त्या वर्गणीसाठी बाहेर पडल्या.

मस्तक मुंडित, अंगावर विधवेचे साधे लुगडे, अशी ही बाई परगावी अनोळखी घराच्या पायरीवर उभी राही. चार पुरुषांसमोर उभे राहून बोलणे ही गोष्ट त्या काळच्या स्त्रीला किती अवघड होती, याची आज कल्पना करणेही कठीण आहे. परंतु जेथे कर्व्यांना ओटीपलीकडे प्रवेश नव्हता, तेथे पार्वतीबाई थेट माजघरात जाऊन बसत. घरातील सासवा-सुना त्यांच्याभोवती जमत. वेष आपल्यासारखा, भाषा आपल्यासारखी, दुःख तर ओळखीचेच. मग विधवेने शिकावे हे बोलणे परके कसे वाटावे? पैसा किती मिळाला ते वहीत लिहिले जाई. त्या माजघरात ज्या मुलींनी हे बोलणे ऐकले, त्यांच्या मनात काय उमटले, ते लिहिण्यास वहीत रकाना नव्हता.

पुढे पार्वतीबाईंनी स्वतःचे केशवपन करणे थांबविले आणि केस राखले. त्यांच्यावर टीकेची झोड उठली. ज्या वेषामुळे सनातनी घरांची दारे त्यांच्यासाठी उघडत होती, तोच वेष त्यांनी टाकला होता. वर्गणी कमी होण्याचे भय उघड होते. तरीही इतरांना जी रूढी चुकीची म्हणून सांगावयाची, ती आपण पाळीत राहावयाचे, हे त्यांना मानवेना. १९१८ मध्ये, चाळिशी उलटल्यावर, त्या इंग्रजी शिकण्यासाठी अमेरिकेस गेल्या. तेथे परक्यांच्या घरी भांडी घासून आणि घरकाम करून त्यांनी पोट भरले. १९२० मध्ये त्या परतल्या, आणि १९२८ मध्ये 'माझी कहाणी' हे त्यांचे आत्मचरित्र प्रसिद्ध झाले.

दरम्यान संस्थाही पालटत होती. विधवा झाल्यावर मुलीला शिकविण्यापेक्षा ती कुमारिका असतानाच शिकविली, तर बालविवाहही आपोआप लांबेल, असे कर्व्यांना वाटू लागले. त्यासाठी १९०७ मध्ये त्यांनी महिला विद्यालय काढले. मग प्रश्न आला माणसांचा. संध्याकाळी तासभर येऊन मदत करणारे पुष्कळ मिळत. पण शाळा काही तासाभराची नसते. म्हणून १९०८ मध्ये निष्काम कर्ममठ स्थापन झाला. निर्वाहापुरते घेऊन सारे आयुष्य संस्थेस देऊ, अशी शपथ घेणारे सेवक त्यातून तयार व्हावेत, अशी कल्पना होती. म्हणजे फुरसतीच्या स्वयंसेवकांनी उभारलेली संस्था आता पूर्ण वेळेच्या सेवकांवर चालू लागली. पुढे या संस्था एकत्र करण्यात आल्या.

१९१५ च्या सुमारास जपानमधील महिला विद्यापीठाची माहिती देणारी एक पुस्तिका कर्व्यांच्या हाती आली, आणि १९१६ मध्ये त्यांनी भारतातील पहिले महिला विद्यापीठ सुरू केले. वर्गणीवर ते कसेबसे चालले होते. १९२० मध्ये मुंबईचे उद्योगपती सर विठ्ठलदास ठाकरसी यांनी त्यास तब्बल १५ लाख रुपयांची देणगी दिली. साडेतीन टक्के व्याजाने तिचे वर्षाला ५२,५०० रुपये होत. विद्यापीठास सर विठ्ठलदासांच्या मातोश्रींचे, श्रीमती नाथीबाई दामोदर ठाकरसी यांचे, नाव देण्यात आले, आणि पुढे १९३६ मध्ये त्याचे मुख्य ठाणे पुण्याहून मुंबईस हलले. एका मोठ्या देणगीने संस्थेचे नाव आणि गावही बदलते. त्यात गैर काही नाही. त्या देणगीवाचून विद्यापीठ तग धरते की नाही, याची शंकाच होती. आणा देणाऱ्या हजारो लोकांनी मात्र कधी नाव मागितले नव्हते.

ज्या वर्षी विद्यापीठ मुंबईस गेले, त्याच वर्षी, १९३६ मध्ये, कर्व्यांनी पुन्हा एक नवी संस्था काढली. जेथे शाळाच नाही अशा खेड्यांत प्राथमिक शाळा काढण्यासाठी स्थापन झालेले ते महाराष्ट्र ग्राम प्राथमिक शिक्षण मंडळ. त्या वेळी ते ७८ वर्षांचे होते. पंधरा लाखांची देणगी पाहिलेले हे वृद्ध गृहस्थ हाती वही घेऊन पुण्याच्या गल्ल्यांतून पुन्हा आण्या-दोन आण्यांसाठी लोकांच्या दारी उभे राहू लागले.