घोट्याचा बंध

बांधावरून उतरताना पाय मुरगळतो. घोटा सुजतो. आपण हळदीचा लेप लावतो, चार दिवस लंगडतो आणि पुन्हा कामाला लागतो. बहुतेकांचा पाय बरा होतो. पण काहींचा पाय पुन्हा पुन्हा मुरगळतो. असे का होते?

आपण नांगराची हळस जुवाला दोरीने बांधतो. दोरी ढिली झाली की नांगर नीट चालत नाही. घोट्याची हाडेही अशाच चिवट दोऱ्यांनी बांधलेली असतात. त्यांना अस्थिबंध म्हणतात. घोट्याच्या बाहेरच्या अंगाचा बंध जास्त वेळा तुटतो. व्यायामाने गुण आला नाही, तर डॉक्टर शस्त्रक्रिया करून तो शिवतात.

एका शेतकऱ्याचा बंध असा शिवला. तिसऱ्या आठवड्यात पाऊस पडला. तो म्हणाला, "आता दुखत नाही. प्लास्टर कापतो अन्‌ पेरणीला जातो."

बायको म्हणाली, "अहो, पेरणी भाऊजी करतील. पाय दुसरा कुठून आणायचा?"

तिचे खरे होते. दुखणे थांबले म्हणजे बंध जुळला असे नाही. त्याला वेळ लागतोच.

पहिले दोन आठवडे बहुधा पायावर भार द्यायचा नसतो. कुबड्या घ्यायच्या. निजताना पाय उशांवर उंच ठेवायचा. त्याने सूज उतरते. मग टाके काढतात. सुमारे सहा आठवड्यांपर्यंत प्लास्टर किंवा आधाराचा बूट असतो. डॉक्टर सांगतील तेव्हा आणि तेवढाच भार द्यायचा. पाऊल आत वळवायचे नाही. शिवणीवर ताण येतो.

पुढे व्यायाम. पाऊल वरखाली करायचे. भिंत धरून टाचा उचलायच्या. मग एका पायावर उभे राहायचे. पाय तोल विसरलेला असतो. आपण अक्षरे गिरवली, तसा त्यालाही धडा गिरवावा लागतो. जड कामाला तीन-चार महिने, कधी जास्तही लागतात.

हे ध्यानात ठेवा: पोटरी सुजून दुखू लागली तर ती चोळू नका. रक्ताची गाठ असू शकते. धाप लागली, छातीत दुखले, बोटे निळी किंवा बधिर झाली, ताप आला, जखमेतून पू आला, तर लगेच दवाखाना गाठा.

त्या शेतकऱ्याने ऐकले. पेरणी भावाने केली. सुगीला मात्र तो स्वतःच्या पायांनी शेतात उभा होता.

सांगा पाहू:
१. दुखणे थांबले तरी प्लास्टर का कापू नये?
२. पोटरी सुजली तर काय करू नये?