सरकीचे संशोधन : खर्च कोणी करावा?

आपल्या सोयगाव तालुक्यात कपाशी ठाऊक नाही असा मुलगा विरळाच. परंतु आपण जी सरकी टोबतो, तिच्या शोधास पैसा कोणी लावला, हा विचार सहसा मनात येत नाही. शास्त्रीय संशोधनाचा भार सरकारने वाहावा की व्यापाऱ्याने, या वादाचे उत्तर आपल्या शेतातच मिळते, असे आम्हांस वाटते.

इ. स. १९७० मध्ये सुरत येथील सरकारी संशोधन केंद्रात डॉ. सी. टी. पटेल यांनी ‘एच-४’ हे वाण सिद्ध केले. व्यापारी लागवडीस आलेला जगातील पहिला संकरित कापूस तो हाच. पुढे अशा बियाण्याचा व्यापार खासगी कंपन्यांनी वाढविला. त्याचे कारण उघड आहे. संकरित झाडाची सरकी पुन्हा पेरली असता पीक एकसारखे येत नाही. म्हणून शेतकऱ्यास दरवर्षी नवे बियाणे विकत घ्यावे लागते. जेथे गिऱ्हाईक दरवर्षी परत येते, तेथे भांडवल आपण होऊन धावते.

बद्रीनारायण बारवाले यांनी १९६४ मध्ये जालन्यास स्थापिलेल्या ‘महिको’ने अमेरिकेतील मोन्सँटो कंपनीचे जनुक घेऊन बीटी कपाशी आणली; तीस मार्च २००२ मध्ये सरकारची परवानगी मिळाली. प्रारंभी बोंडअळीचा उपद्रव पुष्कळ कमी झाला, हे श्रेय खासगी उद्योगास दिलेच पाहिजे. पण किडीच्या अंगी हळूहळू प्रतिकारशक्ती आली, आणि २०१७ मध्ये गुलाबी बोंडअळीने महाराष्ट्रात हाहाकार उडविला. बियाण्याच्या किंमतीस आळा घालण्यासाठी केंद्र सरकारला डिसेंबर २०१५ मध्ये दरनियंत्रणाचा आदेश काढावा लागला होता.

आता सरळ वाणाचा विचार करा. त्याची सरकी घरी राखून पुढील वर्षी पेरता येते. साहजिकच ती विकणाऱ्यास लाभ थोडा. मग त्यावर पैसा कोण लावील? मुरमाड जमिनीवर, पावसाच्या भरवशावर, उधारीने बियाणे आणणाऱ्या कुटुंबास तर असेच वाण हवे असते. हे काम नागपूरची १९७६ मध्ये स्थापन झालेली केंद्रीय कापूस संशोधन संस्था व कृषि विद्यापीठे यांचेच होय. सरकारी कामातही चुका होतात. त्याच संस्थेचे ‘बिकानेरी नर्मा’ हे बीटी वाण थोड्याच काळात मागे घ्यावे लागले. तथापि चुकीमुळे कर्तव्य टळत नाही.

सारांश, ज्या शोधाचा नफा दुकानात गोळा होतो त्यावर व्यापाऱ्याने खुशाल खर्च करावा, आणि सरकारने किंमतीवर व खरेपणावर नजर ठेवावी. ज्या शोधाचा लाभ घरोघर विखुरतो, त्याचा भार मात्र सर्वांच्या तिजोरीनेच उचलावा. आपल्यापैकी जे शास्त्र शिकतील, त्यांनी ईश्वराने दिलेली बुद्धि या दुसऱ्या कामीही लावावी, इतकीच आमची इच्छा.