गिअरबॉक्सचे आटे गेले? आधी भोक पाहा, मग पैसे काढा

बोल्ट आवळत आणावा, तर घट्ट बसायच्या ऐवजी तो हलका पडतो आणि नुसताच गोल फिरत राहतो. बाहेर काढला की त्याच्या अंगाला ॲल्युमिनियमची बारीक, चकचकीत तार गुंडाळलेली दिसते. ही तार म्हणजे गिअरबॉक्सच्या भोकातले आटे. दोन टप्प्यांच्या स्नोब्लोअरमध्ये हे दुखणे नेहमीचे आहे. त्यावरचा खर्च मात्र पाच डॉलरही होऊ शकतो आणि पाचशेही.

टोरंटो, शिकागो, बॉस्टनकडच्या मराठी घरांत हे यंत्र आता सवयीचे आहे, पण कोपऱ्यावरचा 'जरा बघून देतो' म्हणणारा मेकॅनिक तिकडे नाही. त्यामुळे कोणते काम घरी करायचे आणि कोणते दुकानात द्यायचे, हे आधीच ठरवलेले बरे. खालचे भाव अमेरिकेतले, ढोबळ आणि कर सोडून आहेत.

दुर्लक्ष का नको

ऑगर, म्हणजे बर्फ आत ओढणारा स्क्रू, फिरवणाऱ्या या गिअरबॉक्सचे कवच दोन भागांचे असते आणि बोल्ट ते दोन भाग एकत्र धरतात. एक बोल्ट सैल राहिला तरी जोडातून तेल पाझरते. तेल संपले की स्टीलचा वर्म (आटे असलेला गिअर) आतले कांशाचे चाक खाऊन टाकतो. मग प्रश्न एका भोकाचा राहत नाही, अख्खा गिअरबॉक्स बदलावा लागतो.

भोक कोणते, त्यावर उपाय

*भोक आरपार असेल तर:* मागच्या बाजूला नट बसण्याइतकी जागा आहे का, ते पाहा. असेल तर थोडा लांब बोल्ट, वॉशर आणि लॉकनट एवढ्यात काम होते. फिरणारा भाग नटाला घासत नाही ना, एवढे तपासा. खर्च ५ डॉलरच्या आत.

*भोक बंद आहे, पण तळाशी आटे शाबूत आहेत:* मूळ बोल्ट आखूड असेल तर खालचे आटे वापरलेलेच नसतात. भोकाची खोली काडीने मोजा आणि त्यापेक्षा किंचित आखूड बोल्ट घ्या. तो तळाला टेकला तर कवच आवळले जाणार नाही. खर्च २-३ डॉलर.

*आटे पुरते गेले असतील तर:* हेलिकॉइल, म्हणजे स्टेनलेस तारेची गुंडाळी, बसवावी. आटे पाडायचा टॅप, बसवायची दांडी आणि गुंडाळ्यांसह संच २५ ते ५० डॉलरना मिळतो. ड्रिल बिट संचात आहे की नाही, ते पाहून घ्या. ५/१६ इंच बोल्टसाठी २१/६४ आणि १/४ इंचासाठी १७/६४ इंचाचे बिट लागते. मऊ ॲल्युमिनियममध्ये ही दुरुस्ती मूळ आट्यांपेक्षाही पक्की बसते.

*भरीव बुशचा संच (टाइम-सर्ट):* ८० ते १३० डॉलर. जे भोक वारंवार उघडावे लागते त्याला हा योग्य. गिअरबॉक्स काही वर्षांतून एकदाच उघडतो, तेव्हा इथे हेलिकॉइल पुरते.

*तेल भरायच्या बुचाचे आटे:* या बुचावर ताण नसतो, म्हणून भोक तेलकटपणा जाईपर्यंत पुसून धातूचे इपॉक्सी वापरता येते. खर्च ७ ते १० डॉलर. कवच जोडणाऱ्या बोल्टांना मात्र इपॉक्सी लावू नका. तिथे ताण असतो, ते टिकत नाही.

बोल्टच्या मापाची गफलत

५/१६ इंचाचा बोल्ट आणि ८ मिलिमीटरचा बोल्ट शेजारी ठेवले तर डोळ्यांना फरक कळत नाही. आट्यांमधले अंतर मात्र वेगळे असते. चुकीचा बोल्ट दोन-तीन वेढे सहज जातो आणि मग जोर लावला की आटे कापतो. संच विकत घेण्यापूर्वी पिच गेजने माप घ्या, किंवा जुना बोल्ट दुकानात नेऊन नट लावून पाहा.

घरी करताना

इंजिन बंद करा आणि स्पार्क प्लगची वायर काढा. इंजिन बंद असतानाही अडकलेल्या इंपेलरमध्ये (बर्फ बाहेर फेकणाऱ्या पंख्यात) ताण उरलेला असू शकतो, म्हणून आत हात घालू नका. तेल काढून घ्या. ड्रिलवर चिकटपट्टी लावून खोलीची खूण करा. टॅप फिरवताना थोडे पुढे, मग अर्धा वेढा मागे, असे जा आणि खाचांत ग्रीस भरा म्हणजे धातूचा कीस त्यात अडकेल. गुंडाळी कवचाच्या पृष्ठभागापेक्षा पाव ते अर्धा वेढा खाली बसली पाहिजे. वर राहिली तर दोन भाग मिळणार नाहीत. शेवटी तिची खालची शेपटी मोडावी लागते. ती चिमट्याने बाहेर काढलीच पाहिजे, कारण आत राहिलेला तुकडा कांशाचे चाक खराब करतो.

दुकानात दिल्यास

मजुरी साधारण ८० ते १३० डॉलर तास. भोकाचे काम अर्ध्या तासाचे असते, पण गिअरबॉक्स बाहेर काढण्यातच दोन-तीन तास जातात. ऑगर शाफ्टला गंजून चिकटला असेल तर त्याहूनही जास्त. म्हणजे सगळे मिळून २०० ते ५०० डॉलर. यंत्र ९० ते ११५ किलोचे असल्यामुळे ने-आण करण्याचे वेगळे पैसेही पडू शकतात. गिअरबॉक्स घरीच सोडवून फक्त तेवढाच मशीन शॉपमध्ये नेला तर बहुधा एका तासाच्या मजुरीत निभावते. खरी बचत इथेच आहे.

एकदा उघडलाच आहे, तर ऑइल सील आणि गॅस्केट त्याच फेरीत बदला. हे सामान थोड्या डॉलरांचे असते, पुन्हा उघडण्याची मजुरी मात्र तेवढीच पडते. तेल कोणते घालायचे ते मॅन्युअलमध्ये पाहा. काही यंत्रांत तेलाऐवजी ग्रीस असते.

कधी सोडून द्यावे

कवचाला भोकाजवळ तडा गेला असेल किंवा चाकाचे दात झिजले असतील, तर नुसत्या आट्यांवर पैसे घालू नका. नवा गिअरबॉक्स साधारण २०० ते ४५० डॉलरना पडतो, मजुरी वेगळी. दोन टप्प्यांचे नवे २४ इंची यंत्र हजार ते सोळाशे डॉलरच्या आसपास जाते. दुरुस्तीचा एकूण अंदाज त्याच्या निम्म्यावर गेला आणि यंत्र जुने असेल, तर नव्याचा विचार करा.

काम देताना विचारा

आटे कशाने बसवणार, सील धरून भाव किती, उघडल्यावर जास्त बिघाड दिसला तर आधी फोन कराल का आणि काम किती दिवसांत होईल, ही चार उत्तरे लेखी घ्या. ऑक्टोबरात विचाराल तर दिवस कमी सांगतील. पहिल्या मोठ्या बर्फानंतर हीच दुकाने आठवड्यांची वाट पाहायला लावतात. यंत्र परत आल्यावर ऑगरची शिअर पिन कंपनीनेच सांगितलेली घाला. तिच्या जागी कडक बोल्ट लावला तर दगड अडकल्यावर पिन तुटायच्या ऐवजी सगळा झटका गिअरबॉक्सवर येतो. दोन-तीन डॉलरची पिन वाचवण्यासाठी पाचशे डॉलरचा धोका पत्करण्यात अर्थ नाही.