मजल्याचे वजन आणि पायाचा हिशेब



दुकान किंवा गोदाम बांधायला काढले की आपण जागेचा, सिमेंटचा आणि सळईचा भाव विचारतो. पायावर किती वजन येणार, हे विचारणारे थोडेच. आम्ही कापडाच्या धंद्यातले, इंजिनिअर नव्हे. तरीही ज्याला गोदामातल्या मालाचा हिशेब ठेवता येतो, त्याला हाही हिशेब समजतो.

वजन दोन प्रकारचे असते. एक इमारतीचे स्वतःचे, कायमचे. दुसरे वापराचे, म्हणजे माणसे, सामान, माल आणि यंत्रे यांचे.

आधी राहत्या घराचा एक मजला घेऊ. एक घनमीटर आरसीसीचे वजन अडीच टन. त्यामुळे १२५ मिलिमीटर, म्हणजे पाच इंची स्लॅबचे वजन चौरस मीटरला ३१२ किलो होते. लादी व तिच्याखालचा थर सुमारे १०० किलो. तुळया व खांबांचा वाटा १२५ किलो धरू. विटांच्या भिंती सगळ्या जागेवर वाटल्या तर ३०० किलो. झाले सुमारे ८४० किलो. वापराचे वजन भारतीय मानक आयएस ८७५, भाग २ प्रमाणे घराला २०० किलो. एकूण १,०४० किलो. मजल्यामागे चौरस मीटरला एक टन हा बांधकामातला ठोकताळा इथूनच येतो.

गफलत पुढे होते. हा ठोकताळा घराचा आहे, गोदामाचा नाही. त्याच मानकात वापराचे वजन किरकोळ दुकानाला ४०० किलो, हलक्या यंत्रांच्या कारखान्याला ५०० किलो आणि गोदामाला कमीत कमी ७५० किलो धरले आहे.

आपल्या मालावरून हे पडताळून पाहा. ४४ इंच पन्ह्याचे, चौरस मीटरला १५० ग्रॅम भरणारे कापड घेतले तर १०० मीटरच्या ताग्याचे वजन सुमारे १७ किलो होते. एका चौरस मीटर जागेत असे ४० तागे रचले की ६८० किलो झाले. घरासाठी धरलेल्या वजनाच्या तिपटीहून जास्त! थप्पी आणखी चढवली किंवा पावसात माल भिजला, की आकडा वाढतच जातो.

म्हणून गोदामाचा मजला असा मोजावा: सहा इंची स्लॅब ३७५ किलो, लादी १००, तुळया-खांब २००, मोजक्या भिंती १०० आणि माल ७५०. बेरीज १,५२५ किलो, म्हणजे दीड टन.

आता पायाकडे येऊ. खांब चार-चार मीटरवर असतील तर मधल्या खांबाच्या वाट्याला १६ चौरस मीटर जागा येते. तळमजला जमिनीवरच टेकलेला आहे आणि वर दोन मजले व गच्ची आहे असे धरू. सगळा वापर घराचा असेल तर तीन स्लॅबचे १६ गुणिले ३, म्हणजे ४८ टन. वरचे दोन्ही मजले गोदामाचे असतील तर त्यांचे ४८ आणि गच्चीचे १६, असे ६४ टन. पायाच्या स्वतःच्या वजनासाठी दहा टक्के जोडले की सुमारे ७० टन होतात.

जमीन चौरस मीटरला २० टन पेलणारी असेल तर साडेतीन चौरस मीटरचा पाया लागतो. ती १० टनच पेलत असेल तर सात चौरस मीटरचा. काळी माती पावसाळ्यात फुगते व उन्हाळ्यात भेगाळते. तिथे माती तपासल्याशिवाय पुढे जाऊ नये. पुढे आणखी एक गोदामी मजला चढवला तर त्याच खांबावर २४ टन वाढतात. पाण्याची १,००० लिटरची टाकी म्हणजे एक टन, तीही विसरू नये.

हा हिशेब चुकला तर काय होते, हे बांगलादेशात दिसले. ढाक्याजवळ सावर येथील राणा प्लाझा ही आठ मजली इमारत २४ एप्रिल २०१३ रोजी कोसळली. अकराशेहून अधिक माणसे गेली. त्यांतले बहुतेक कपडे शिवणारे कारीगर होते. इमारत दुकाने व कचेऱ्यांसाठी होती, पण वर शिलाईचे कारखाने आणि जड जनरेटर आले. वरचे मजले परवानगीशिवाय चढवलेले होते. आदल्या दिवशी भेगा दिसल्या. खालची दुकाने व बँक बंद झाली, पण कारीगरांना दुसऱ्या दिवशी कामावर बोलावले गेले.

तेव्हा नकाशा काढण्यापूर्वीच इंजिनिअरला तीन गोष्टी लिहून द्याव्यात. कोणत्या मजल्यावर काय ठेवणार, थप्पी किती उंच रचणार, आणि पुढे मजला वाढवायचा आहे का. खर्च वाचावा म्हणून गोदामाला घर म्हणू नये. जुनी इमारत घेताना किंवा भाड्याने घेताना तिचा मूळ नकाशा मागावा व स्ट्रक्चरल ऑडिट करून घ्यावे. जड माल आणि यंत्रे तळमजल्यावर ठेवावीत.

वरचे आकडे अंदाजाचे आहेत. पायाची रचना इंजिनिअरनेच करावी. मात्र आपल्या मालाचे वजन आपणच त्याला सांगू शकतो. वरच्या मजल्यांवर थप्पीची ठरलेली उंची भिंतीवर रंगाने आखून ठेवावी आणि हमालांना पहिल्याच दिवशी दाखवावी.