वळवाचे दिवस: सकाळी ठरवा, दुपारी दोनच्या आत आवरा

एप्रिल-मे महिन्यांत विदर्भ-मराठवाड्याच्या सपाट मुलखात सकाळी आभाळ निरभ्र असते. दुपारी पारा ४२-४४ अंशांवर जातो आणि चारच्या सुमारास ढग दाटून येतात. आधी वावधान, मग कडकडाट, कधी गारा. अर्ध्या-पाऊण तासात सगळे उरकते. तेवढ्यात तापमान दहा अंशांनी उतरते आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच ऊन, वर दमट उकाडा. ढग आल्यावर ताडपत्री शोधायला निघालो तर हातात वेळ उरत नाही. म्हणून पावसाळा लागेपर्यंत कामाचे वेळापत्रकच बदलावे: उघड्यावरची कामे पहाटेपासून, आणि दुपारी दोनच्या आत माल झाकलेला, जनावरे गोठ्यात, माणसे घरात.

वादळ दुपारनंतरच का येते?

वायव्येकडून कोरडे, तापलेले वारे येतात, तर बंगालच्या उपसागरावरून व अरबी समुद्रावरून ओलावा येतो. हे वारे आपल्याकडे एकमेकांना भिडतात. दिवसभर तापलेल्या जमिनीवरची हवा हा ओलावा घेऊन वेगाने वर चढते, त्यातून उंच ढग तयार होतात. वरच्या थरात हवा फार थंड असली की गारा पडतात. जमीन सर्वांत जास्त तापते ती दुपारी, त्यामुळे या पावसाची वेळही बहुधा दुपारी तीन ते रात्रीच्या सुरुवातीपर्यंतची असते.

हवामान खात्याचा जिल्हानिहाय कृषी सल्ला दर मंगळवारी व शुक्रवारी निघतो. तो ‘मेघदूत’ ॲपवर मिळतो. विजेच्या इशाऱ्यासाठी पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेचे ‘दामिनी’ ॲप फोनमध्ये असू द्या. जिल्ह्याला नारंगी इशारा असेल त्या दिवशी नवी काढणी सुरू करू नका.

काढलेला माल

हळद: हिंगोली, वसमत, नांदेड भागात शिजवलेली हळद वाळत असतानाच हा पाऊस गाठतो. शिजवल्यावर भिजलेल्या हळकुंडाचा रंग जातो, बुरशी धरते, बाजारात भाव पडतो. आपल्याकडच्या ताडपत्रीत जेवढी झाकता येईल तेवढीच हळद एका वेळी शिजवा. दुपारी थर गोळा करून लांबट ढीग करा, ताडपत्रीच्या कडांवर दगड किंवा मातीच्या गोण्या ठेवा आणि भोवती चर काढा. सकाळी ऊन चढताच ताडपत्री काढाच, कारण रात्रभर तिच्या आतल्या बाजूला पाणी सुटते आणि वरचा थर पुन्हा ओलावतो. हळकुंड मोडल्यावर खणकन आवाज आला की वाळवण पूर्ण झाले.

कांदा: निम्म्या माना पडल्या की काढणी करा. तीन-चार दिवस पातीखाली झाकून सुकवा, मग तीन-चार सेंटीमीटर मान ठेवून पात कापा आणि सावलीत दहा-बारा दिवस पसरून ठेवा. भिजलेला कांदा वेगळा पसरून लवकर विका. तो चाळीत भरला तर शेजारचा चांगला कांदाही सडतो.

भुईमूग व तीळ: उपटलेल्या वेलांच्या शेंगा वरच्या बाजूला करून वाळवा. ओल्या शेंगा ढिगात राहिल्या तर हिरवट-पिवळी बुरशी येते आणि अफ्लाटॉक्सिन हे विष तयार होते. असे दाणे खाऊ नका, जनावरांनाही घालू नका. तिळाच्या पेंढ्या उभ्या रचा आणि पायाशी पाणी साचू देऊ नका.

संत्रा, मोसंबी, आंबा

आंबिया बहाराची फळे या काळात लहान असतात. कडक ऊन, मध्येच गारवा, पुन्हा ऊन अशा हेलकाव्यात फळगळ वाढते. त्यासाठी जिबरेलिक आम्ल १.५ ग्रॅम व युरिया १ किलो १०० लिटर पाण्यात मिसळून सकाळी फवारा. जिबरेलिक आम्ल थेट पाण्यात नीट विरघळत नाही, ते आधी थोड्या अल्कोहोलमध्ये विरघळवून घ्या.

पाऊस झाला म्हणून ठिबक लगेच बंद करू नका. झाडाखाली खुरप्याने वीतभर खणून पाहा. जोराचा वळीव बराचसा वाहून जातो. पुष्कळदा वरची दोन बोटे माती ओली आणि खाली मुळांपाशी कोरडी असते. माती मुठीत दाबल्यावर गोळा होत नसेल तर पाणी चालू ठेवा.

गारपीट झाल्यास मोडलेल्या फांद्या धारदार करवतीने कापा आणि जखमेवर १ किलो मोरचूद, १ किलो चुना, १० लिटर पाणी या प्रमाणात बोर्डो मलम लावा. झाडावर कॉपर ऑक्सिक्लोराईड १० लिटर पाण्यात ३० ग्रॅम या प्रमाणात फवारा. गळलेली फळे बागेबाहेर नेऊन पुरा. मात्र साफसफाईआधी फोटो काढा आणि पंचनाम्यासाठी तलाठी व कृषी सहायकांना कळवा. विम्यात अशा नुकसानीचे संरक्षण असेल तर सूचना ७२ तासांच्या आत द्या.

पाडाला आलेला आंबा इशारा मिळताच देठासह उतरवा.

माणसे आणि जनावरे

पीक पुन्हा घेता येते, माणूस परत येत नाही. वीज चमकल्यापासून गडगडाट ३० सेकंदांच्या आत ऐकू आला तर वीज साधारण १० किलोमीटरच्या आत आहे. त्याच क्षणी काम सोडून पक्क्या घरात जा आणि शेवटच्या गडगडाटानंतर ३० मिनिटे बाहेर पडू नका. धुऱ्यावरचे झाड, चारही बाजूंनी उघडी टिनाची शेड आणि उघडा ट्रॅक्टर यांपैकी काहीही सुरक्षित नाही. तारेच्या कुंपणाला व मोटरच्या स्टार्टरला हात लावू नका. उघड्यावर अडकलात तर एकमेकांपासून दूर व्हा, दोन्ही पाय जुळवून उकिडवे बसा, कान झाका. आडवे पडू नका. वीज पडलेल्या माणसाच्या अंगात करंट राहत नाही. त्याला न घाबरता हात लावा, श्वास थांबला असेल तर छाती दाबायला सुरुवात करा आणि १०८ ला फोन करा. मजुरीवर आलेल्या बायाबापड्यांना घरी पाठवण्याची जबाबदारी शेतमालकाची आहे. अर्ध्या दिवसाच्या कामासाठी त्यांना शिवारात थांबवू नका.

जनावरे झाडाला बांधू नका. भिजलेला कडबा आतून काळा पडला असेल तर घालू नका. घटसर्प व फऱ्याची लस पावसाळ्याआधी टोचून घ्या.

वळवावर पेरू नका

या पावसाचा खरा उपयोग मशागतीला आहे. नांगरटीची ढेकळे पाणी पिऊन फुटतात, तेव्हा वाफसा येताच उभी-आडवी वखरपाळी द्या. पण मेअखेरच्या एखाद्या दमदार सरीवर कपाशी लावू नका. पुढे उघडीप पडली तर दुबार पेरणीचा खर्च अंगावर येतो, आणि लवकर लावलेल्या कपाशीवर गुलाबी बोंडअळीला आयते खाद्य मिळते. मोसमी पाऊस ७५ ते १०० मिलिमीटर होऊन जमिनीत खोलवर ओल गेली की मगच तिफण काढा. तोवर बियाण्याची उगवणक्षमता तपासून ठेवा.