पावसाळाभर टाकीत राहिलेलं पेट्रोल

प्रश्न : मालवणला माझी फायबरची छोटी होडी आहे, टू-स्ट्रोक आऊटबोर्ड इंजिनाची. मे महिन्यात ऑइल मिसळलेलं पेट्रोल टाकीत अर्ध्यावर राहिलं. आता तेच वापरू का, की त्यात एखादं औषध घालू?

उत्तर : तपासल्याशिवाय इंजिनाला देऊ नका. पंपावरच्या पेट्रोलमध्ये आता २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं आणि ते ओल ओढून घेतं. अर्धी रिकामी टाकी आणि कोकणातला पावसाळा! पाणी मर्यादेपलीकडे गेलं की इथेनॉल पेट्रोलला सोडून पाण्यासह तळाशी बसतं. इंजिनाची नळी नेमकी तळातूनच ओढते. त्या थरात ऑइल जवळपास नसतंच. पिस्टन जाम होतो तो असा.

तळातलं थोडं पेट्रोल काचेच्या बरणीत काढून अर्धा तास ठेवा. मध्ये रेघ दिसली किंवा गढूळ वाटलं, तर सगळं काढा. वरचंही नको, इथेनॉल गेल्याने त्याचा ऑक्टेन उतरलेला असतो. कुठल्याही औषधाने हे थर पुन्हा नीट एकजीव होत नाहीत. टाकी कोरडी करा, फिल्टर बदला, कार्बोरेटरची वाटी साफ करा. रबरी पाइप दाबून पाहा. चिकट किंवा फुगलेला लागला तर बदला.

रेघ नाही, वार्निशसारखा वासही नाही, तर ताज्या पेट्रोलमध्ये थोडं थोडं मिसळून संपवा.

काम उघड्यावर, विडीकाडीपासून लांब करा. आणि काढलेलं पेट्रोल खाडीत ओतू नका, हात जोडून सांगतो. तिथल्याच कालवांवर आणि तिसऱ्यांवर कितीतरी घरं जेवतात.