सुताचा हिशेब आणि पायथन : घरच्या घरी एक धडा

मोमिनपुऱ्याला नाव पडले ते मोमीन विणकरांवरून. सूत तोलून घ्यायचे आणि कापड तोलून द्यायचे, हा विणकरीतला जुना व्यवहार. वजनात तूट निघाली की मजुरीतून कापणी होते. तेव्हा ताण्याला सूत किती लागले, हे कारागिराला स्वतः काढता आले पाहिजे. याच हिशेबावर संगणकाला सूचना लिहिण्याची विद्या, म्हणजे प्रोग्रॅमिंग, शिकता येते. क्लासची फी भरण्याआधी आठवडाभर हा प्रयोग करून पाहावा.

पायथन ही संगणकाची भाषा गुइडो व्हान रोसम या डच माणसाने १९९१ साली प्रसिद्ध केली. ती फुकट मिळते आणि साध्या मोबाइलवरही चालते. २००८ साली आलेल्या तिच्या तिसऱ्या आवृत्तीपासून नावे मराठीतही देता येतात. अंक मात्र इंग्रजीच टाकावेत.

४० नंबरचे सूत म्हणजे एका पौंडात ८४० वारांच्या ४० लडी. म्हणून १ नंबरच्या सुताचा एक मीटर ०.५९०५ ग्रॅम भरतो. नंबर वाढला की वजन तितक्या पटीने कमी. आता पायथन उघडून तीन बाणांच्या खुणेपुढे एकेक ओळ लिहा :

धागे = 2400
मीटर = 100
नंबर = 40
किलो = धागे * मीटर * 0.5905 / नंबर / 1000
किलो

उत्तर सुमारे ३.५४३ येईल. १०० मीटरच्या ताण्याला साडेतीन किलोहून थोडे जास्त सूत. खळीचे वजन आणि घट यात धरलेली नाही.

हे तर वहीतही होते, असे कोणी म्हणेल. खरे आहे. पण खरे शिकणे इथून पुढे आहे. आता फक्त नंबर = 60 लिहा आणि पुन्हा किलो विचारा. उत्तर तेच, ३.५४३! यंत्र बिघडलेले नाही. बरोबरच्या खुणेने त्याने त्या वेळी एकदा हिशेब केला आणि उत्तर पेटीत ठेवले. पेटीवर चिठ्ठी किलोची आहे, सूत्राची नाही. चौथी ओळ पुन्हा लिहा, मग २.३६२ येईल. नवशिके इथे हमखास अडतात, आणि पुस्तकात वाचून हे जितके पटत नाही तितके एकदा फसून पटते.

म्हणून मुद्दाम फसावे. मीटर ऐवजी मिटर लिहून पाहा. असे नाव माहीत नाही, अशी तक्रार येईल. ऱ्हस्व-दीर्घाची चूक गुरुजी एखादे वेळी सोडत, यंत्र सोडत नाही. नंबर शून्य करून सूत्र चालवा. शून्याने भागता येत नाही म्हणून ते थांबेल. या तक्रारी इंग्रजीत असतात. शेवटची ओळ आधी वाचावी, कारण तिथेच असते. मात्र एका वेळी एकच गोष्ट बदलावी, दोन बदलल्या तर चूक कुठली ते कळत नाही.

जॅकार्डचे पुठ्ठे ज्याने हाताळले त्याला ही रीत नवी नाही. १८०४ च्या त्या फ्रेंच मागात भोक असेल तर धागा उचलला जातो, नसेल तर राहतो. पुठ्ठा चुकला की नक्षी चुकते, आणि कारागीर तोच एक पुठ्ठा शोधतो.

पुढच्या प्रयोगाला घट नावाची आणखी एक ओळ घाला. शेकडा ३ धरली, तर किलोला 1.03 ने गुणावे. मग बाण्याचा हिशेब स्वतः मांडा आणि कापडाच्या प्रत्यक्ष वजनाशी ताडून पाहा.